एका चौकोनात दोन त्रिकोण

९ जानेवारी

खारूताई,

दचकू नकोस, मीच आहे. तुझी पूर्वाश्रमीची सासू. घटस्फोटाचे कागद झाले तेव्हा तू म्हणाली होतीस, "आई, थोडे दिवस पत्र नको, फोन नको." थोडे म्हणजे किती ते तू सांगितलं नाहीस, म्हणून ते संपले असं मीच ठरवून टाकलं. बिनसलं ते तुझं आणि आमच्या चिरंजीवांचं. माझ्याशी तुझं कधी वाकडं नव्हतं, निदान माझ्या कानावर तरी आलेलं नाही. उत्तर दिलंच पाहिजेस असं मुळीच नाही. वाच आणि तुझ्या सवयीप्रमाणे कुठल्यातरी खणात दडवून ठेव. खार ती खारच. आमच्याकडे अजून चादरींच्या घडीतून तुझं एखादं चॉकलेट निघतं. मी खाऊन टाकते.

तर बातमी ऐक. मी गोधड्या शिवायला लागले! हसलीस ना? सुईत दोरा ओवायला जिला शेजारीण लागायची, ती मी. लाँड्रीतली नोकरी संपल्यापासून घरात नुसत्या येरझारा घालत होते. चिरंजीव सकाळी लिफ्ट दुरुस्त करायला जातात ते अंधार पडल्यावर उगवतात, आणि उगवले तरी बोलतात कुठे? शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने मला एका शनिवारी हाताला धरून ओढत नेलं. अग्निशमन केंद्राच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक लांबलचक खोली आहे, तिथे या बायका शिवायला जमतात. मधेच खाली घंटा वाजते, बंब बोंबलत बाहेर पडतो आणि वर सगळ्यांच्या शिवणी एकदम वाकड्या होतात.

आणि काय जादू दाखवली गं त्यांनी! दोन चौकोन घ्यायचे, एक फिका, एक भडक. सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर बसवायचे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने तिरकी रेघ मारायची. रेघेवर शिवायचं नाही हं! रेघेच्या अलीकडे पाव इंचावर एक शिवण, पलीकडे पाव इंचावर दुसरी. मग बरोब्बर रेघेवरून कात्री चालवायची. उघडून बघते तर काय, दोन नवे चौकोन, आणि प्रत्येकात दोन त्रिकोण! अर्धा पिवळाधमक, अर्धा पांढरा. मी इतक्या जोरात ओरडले की खालून एक बंबवाला धावत वर आला, कुठे पेटलं म्हणून.

असे पुष्कळ चौकोन जमले की टेबलावर मांडून नुसते फिरवत बसायचं. असे ठेवले तर भिंगरी, जरा वळवले तर पत्त्यातली चौकट, आणखी वळवले तर नागमोडी रस्ता. कापड तेच. त्याच नादात मी घरी आल्यावर भात करपवला.

बरं, एक सहज विचारते. दुसऱ्या लग्नानंतरच्या तुमच्या नव्या घरात उजेड कसा आहे? भिंती कुठल्या रंगाच्या? अगदी सहजच हं.

तुझी,
काय लिहू आता? मीच.


२२ जानेवारी

खारूताई,

माझं भर गटात नाक कापलं गेलं. तरीही मी मजेत आहे, कारण आता मला त्यातली गोम कळलीय.

आमच्या गटाच्या मुख्य बाईंना सगळ्या पट्टीबाई म्हणतात. जमीन मोजणी खात्यात उभं आयुष्य गेलं त्यांचं. हातात कायम एक आरपार दिसणारी पट्टी, आणि डोळा असा की बोलायची सोय नाही. त्यांनी एक सोडत काढायचं ठरवलंय. प्रत्येकीने घरून चौकोन शिवून आणायचे. जितके चौकोन तितक्या तिच्या नावाच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात पडणार. जिची चिठ्ठी निघेल तिला सगळ्या बायकांचे सगळे चौकोन मिळणार, म्हणजे एक गोधडी झालीच म्हणून समज! नियम दोनच. एक अर्धा फिका आणि दुसरा भडक, राखाडी दिसलं की परत. आणि प्रत्येक चौकोन साडेचार इंच, ना दोरा कमी ना दोरा जास्त.

मी आठवडाभर शिवले, कडक इस्त्री केली आणि ऐटीत गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. पट्टीबाईंनी पहिल्यावर पट्टी ठेवली. मग दुसऱ्यावर. मग चष्मा वर केला.

"हा चौकोन नाही, पतंग आहे," त्या म्हणाल्या. "इस्त्री कोणी केली?"

"मी!" मी छाती पुढे काढून म्हणाले. "लाँड्रीत होते मी. शर्टाची कॉलर माझ्यासारखी या गावात कोणी करत नव्हतं."

"तेच तर झालंय," पट्टीबाई म्हणाल्या. "हा काय शर्ट आहे? तिरकं कापलेलं कापड ताणलं की वाहवत जातं. इथे इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची आणि उचलायची."

सगळा गठ्ठा परत! आणि तेव्हापासून माझं नाव इस्त्रीबाई. पण गंमत सांगते, मला राग यायच्या आत हसूच आलं. मला दुसरं काही येत नसेल, पण इस्त्री येते असं मी जन्मभर समजत होते, आणि इथे नेमकी तीच आडवी आली. आता मी घरी "ठेव, उचल, ठेव, उचल" असं मोठ्याने म्हणत इस्त्री करते. न म्हणावं तर हात आपला निघालाच कॉलर करायला. चिरंजीवांनी बाथरूममधून विचारलं, "आई, व्यायाम चाललाय का?" शिवाय चौकोन मुद्दाम मोठा शिवायचा आणि मग छाटून मापात आणायचा, हेही कळलं. कोपऱ्यांवर कापडाचे इवलेसे कान बाहेर येतात, तेही छाटायचे. टेबलाखाली नुसता कानांचा खच पडलाय.

आता खरं सांगून टाकते, माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊकच आहे. औषधांच्या दुकानात तुझी मावशी भेटली. तिने सांगितलं. मे महिन्यात ना? अगं, मी भर दुकानात तिला मिठी मारली! बिचारी खोकल्याची बाटली सांभाळत तशीच अवघडून उभी राहिली. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. बाळ! तुझं बाळ! आता कळलं ना भिंतींचा रंग कशाला विचारला ते? मला ती सोडत जिंकायचीच आहे.

चिरंजीवांना सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते सुचत नाही, म्हणून शिवते आहे.

ठेव-उचल करणारी,
मी


५ फेब्रुवारी

खारूताई,

घराचा नुसता कारखाना झालाय! जेवणाच्या टेबलावर मशीन, सोफ्यावर फिके गठ्ठे, चिरंजीवांच्या खुर्चीवर भडक गठ्ठे. ते उभ्याने जेवतात. कापडाच्या दुकानातले कटपीस मी असे वेचते की दुकानदार मला बघून आता स्वतःच टोपली पुढे करतो. डाळिंबी लाल, पोपटी, जांभळा, एक केशरी तर असा की डोळे दिपतात. लाँड्रीच्या मालकांनी कोणी न्यायला न आलेले शर्ट दिले. त्यातला एक ठिपक्यांचा हिरवा बाळाला फार शोभेल. मागच्या शनिवारी पट्टीबाईंनी माझ्या चौकोनावर पट्टी ठेवली, नाकाशी नेली, खाली ठेवली आणि काही बोलल्याच नाहीत. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक आजवर कोणाला मिळालेलं नाही, असं बेकरीवाली म्हणते.

पण एक घोटाळा झालाय. बेकरीवालीने विचारलं, "अगं, एवढी कोणासाठी मरमर?" आणि माझ्या तोंडून गेलं, "सूनबाईला बाळ होणार आहे."

यात खोटं काय आहे सांग? सूनबाई होतीस. बाळ होणारच आहे. फक्त मधला थोडा मजकूर गाळला. पण सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या गं! एकीने गाल ओढले, एकीने स्वतःकडचं पिवळं कापड दिलं, "आजी, आजी" म्हणून नुसता गलका. बेकरीवालीने केक आणला आणि पैसे घेतले नाहीत. मी तो केक खाल्ला, दोन तुकडे खाल्ले, तेव्हा आता माघारही घेता येत नाही.

आणि खरं सांगू? "आजी" ऐकून मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की दुरुस्त करावंसंच वाटलं नाही. तू रागावणार. रागाव. पण रागावण्यापुरती तरी दोन ओळी लिही.

केक पचवलेली,
मी


२६ फेब्रुवारी

खारूताई,

आज सोडत होती. काय काय झालं ते ऐक, आणि बसून ऐक, तुला आता उभं राहायला नको.

मी जिना चढून वर पोचले तर सगळ्या बायका लिफ्टच्या दारापाशी. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलेली, आत पट्टीबाई, आणि त्यांच्या हातात चिठ्ठ्यांचा डबा! खालचे बंबवाले कुऱ्हाड घेऊन हजर, त्यांना कधीची हौस. आतून पट्टीबाई ओरडताहेत, "दाराला कोणी हात लावायचा नाही! कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबा! शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

कंपनीचा माणूस आला. कोण आला असेल?

हत्यारांची पेटी घेऊन जिन्याने वर येताना दिसले ते आमचेच चिरंजीव! "आई, तू आत नाहीस ना? मग ठीक," तो म्हणाला. एवढं ऐकलं आणि बेकरीवाली पुढे झाली.

"हा तुझा मुलगा? अरे वा! अभिनंदन हं! बाबा होणार म्हणे तुम्ही!"

मग काय, सगळ्याच सुरू. कोणी पाठ थोपटतंय, कोणी विचारतंय मुलगा हवा की मुलगी. आणि लिफ्टच्या फटीतून पट्टीबाईंचा आवाज, "कोण बाबा होणार? इस्त्रीबाईंचा मुलगा? अभिनंदन! पण आधी मला बाहेर काढा!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. अगं, मी त्याला जन्म दिलाय, त्याच्या तोंडावरची रेघ हलली तरी मला कळते. त्याला सगळं कळलं. कोणाचं बाळ, मी का शिवते आहे, सगळं. मला वाटलं, आता हा पेटी टाकून निघून जाणार. तो एवढंच म्हणाला, "थँक्यू." आणि मग, "सगळ्यांनी जरा मागे सरका."

त्याने पट्टीबाईंना अलगद बाहेर काढलं. डबाही काढला. मग खाली बसून एकेक पाना पेटीत ठेवायला लागला, अगदी सावकाश, मान खाली घालून. त्याची ती मान मला बघवेना. माझ्या हौसेपायी माझ्या लेकराला चारचौघांत दुसऱ्याच्या बाळाचं अभिनंदन गोळा करावं लागलं. मी म्हणाले, "थांबा. हा बाबा होणार नाहीये. त्याचं लग्न मोडलं. ती आता दुसऱ्या घरी सुखात आहे आणि बाळ तिकडचं आहे. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. माझ्या चिठ्ठ्या काढून टाका."

 बेकरीवालीने विचारलं, "मग ते बाळ तुझं कोण लागतं गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण गोधडी त्यालाच शिवायची आहे."

पट्टीबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो गदागदा हलवला. "चिठ्ठ्या चौकोनांच्या आहेत, नात्यांच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "माप बरोबर आहे. चिठ्ठ्या राहतील."

तुला वाटलं ना, माझंच नाव निघालं असेल? बेकरीवालीचं निघालं! सगळा गठ्ठा घेऊन गेली, माझे केशरी, ठिपक्यांचे हिरवे, सगळे. तिलाही कधीपासून स्वतःसाठी एक गोधडी हवी होती, तिचं काही चुकलं नाही. पण मी जिना उतरताना रडले, हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चिरंजीव माझ्याबरोबर घरी आले. 

मी


१३ मार्च

खारूताई,

मी पुन्हा पहिल्यापासून शिवायला घेतलंय. सोडत गेली खड्ड्यात, मला दोन हात आहेत आणि आता इस्त्रीही येते!

चिरंजीव बरेच दिवस गप्प होते. मीही गप्प, आणि मी गप्प म्हणजे घरात कोणी आजारी आहे असं शेजारणीला वाटलं. रविवारी सकाळी मी टेबलावर चौकोनांच्या जोड्या लावत होते, तो चहाचा कप घेऊन समोर उभा राहिला.

"तिला विचारलंस का?" तो म्हणाला.

"काय विचारायचं?"

"तिला ही गोधडी हवी आहे का. तुला एकदा उत्साह चढला ना आई, की समोरच्याला विचारायचं राहूनच जातं."

 एवढी पत्रं लिहिली, तुझ्या भिंतींचे रंग विचारले, पण हे विचारलंच नाही. मुलगा माझा आहे, पण कधीकधी शहाणं बोलतो.

मग त्याने विचारलं, "ती बरी आहे ना?" मी म्हणाले, "बरी आहे, मावशी सांगत होती." "हं," तो म्हणाला. चहा संपवला. मग खुर्चीवरचा भडक गठ्ठा उचलून बाजूला ठेवला, बसला, पेटीतली स्वतःची पोलादी पट्टी काढली आणि पेन्सिल मागितली. "तुझ्या रेघा वाकड्या आहेत," म्हणाला. दुपारपर्यंत त्याने सगळ्या चौकोनांवर तिरक्या रेघा मारून दिल्या. काय रेघा आहेत! पट्टीबाई बघतील तर दत्तक घेतील त्याला. मी शिवत होते, तो आखत होता. संध्याकाळी तो पुष्कळ दिवसांनी मित्रांकडे पत्ते खेळायला गेला. यातून तू भलतेसलते अर्थ काढू नकोस. जुन्या गोष्टी उकरायची त्याचीही इच्छा नाही आणि माझीही नाही. पण मला त्या दिवशी फार आनंद झाला, तेवढा तुला कळवते.

तर आता रीतसर विचारते. बाळाला दोन आज्या आहेत. तुझी आई आहे, तिकडच्या सासूबाई आहेत, जागा भरलेल्या आहेत हे मला समजतं. मी कोणाच्या खुर्चीत बसायला बघत नाही. तुला नको असेल तर नको म्हण, मी गोधडी पट्टीबाईंकडे देईन, त्या कुठल्यातरी बाळाला देतील. पण मला ती तुझ्या बाळाच्या अंगावर असावी असं वाटतं. फार वाटतं.

आणखी एक. गोधडीच्या मागे कोपऱ्यात एक पांढरी कापडी पट्टी शिवतात, कोणाकडून आली ते लिहून. आमच्या गटात त्याशिवाय गोधडी पुरी झाली असं मानत नाहीत. मी सकाळपासून ती पट्टी पुढ्यात घेऊन बसले आहे आणि काय लिहावं ते मला कळत नाही. "आई" लिहू तर तू कोणाला काय सांगणार? "एक ओळखीची बाई" लिहू तर माझाच हात चालत नाही. म्हणून कोरीच पाठवते आहे. तुला वाटेल ते लिही. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर तुझ्या चष्मेवाल्या नवऱ्याला दे, काचा पुसायला मऊ आहे.

वाट बघणारी,
मी


२ एप्रिल

अगं खारूताई!

तुझं पाकीट आलं! पोस्टमनच्या हातातून मी ते जवळजवळ हिसकावलंच, आणि मग हिंमत होईना म्हणून मशीनवर ठेवून सगळी भांडी घासली. घासलेलीसुद्धा पुन्हा घासली. शेवटी चिरंजीव म्हणाले, "आई, उघडतेस की मी उघडू?"

कापडी पट्टी आधी बाहेर पडली. पेन्सिलीने, तुझ्या त्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात, "तिसऱ्या आजीकडून."

मी तीनदा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. मग खुर्चीवर बसून रडले आणि रडता रडता हसले, आणि चिरंजीव घाबरून पाणी घेऊन आले. मी पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने वाचली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. म्हणाला, "अक्षर काही सुधारलेलं नाही तिचं." आणि नाक ओढत खिडकीशी गेला, उगीचच.

गोधडी तयार आहे. साऱ्या भिंगऱ्याच भिंगऱ्या, एक राखाडी ठिपका सापडला तर नाव बदलेन. पट्टीबाईंनी काल प्रत्येक शिवण ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "पाठवा." बेकरीवालीने तिच्या गठ्ठ्यातला केशरी चौकोन आणून दिला, तो मधोमध लावलाय. आता फक्त ती पट्टी राहिली. मी तुझं अक्षर सरळ करणार नाही. जसं लिहिलंस तसंच, पेन्सिलीच्या खुणेवरून लाल दोऱ्याने सावकाश टाके घालते आहे.

धुवायची कशी म्हणून तू चिठ्ठीत विचारलंस. अगं, हे तू मला विचारतेस! कोमट पाणी, साबण अगदी थोडा, पहिल्यांदा एकटीच धुवायची आणि पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची. वाळत घालायची सावलीत. बाळाने घाण केली तर घाबरू नकोस, जगातला कुठलाही डाग मी काढू शकते, फक्त कळव.

उद्या सकाळी पार्सल टाकते.

तिसरी आजी